दोन पानांचं वजन

रात्रपाळीला टाकीच्या काचेतून बघते मी:
निर्वातात एक निळी जीभ. जळल्यासारखी दिसते,
जाळत काहीच नाही. आज सव्वीसशे अकरावा तास.
पंपांची घरघर इतकी अंगवळणी पडलीय
की थांबली तरच ऐकू येईल.

जोर किती? शाळेच्या वहीतली दोन पानं फाडा,
तळहातावर ठेवा. तेवढा.
नवा मुलगा, रदियोन, पहिल्या दिवशी हसलाच.
एवढ्यानं काय हलणार, इराइदा पाव्लोव्हना?
हलवायचं नाहीच, म्हटलं.
हलू द्यायचं नाही.

वर छत्तीस हजार किलोमीटरवर
ज्याला आपण स्थिर म्हणतो
ते कधी स्थिर नसतं. चंद्र ओढतो, सूर्य ओढतो,
पृथ्वीचं पोटसुद्धा धड गोल नाही.
वैरी कुणीच नाही त्यात. जो तो नुसता
आपापल्या जागी आहे,
आणि तेवढ्यानंच तुमची जागा सरकते.

आई प्स्कोव्हहून आली ती मालगाडीनं,
एक शेळी आणि शिवणयंत्राचं मुंडकं घेऊन.
कालिनिनग्रादमध्ये मिळालेल्या घरात
फळीवर चिनी मातीच्या बरण्या होत्या, जर्मन अक्षरांच्या.
आई एकीत मीठ ठेवायची.
शाळेत जर्मन शिकले तेव्हा मला कळलं,
तिच्यावर 'साखर' लिहिलंय.
सांगितलं. म्हणाली, असू दे, मिठाला वाचता येत नाही.

वादळ ओसरलं की ती किनाऱ्यावर जायची,
शेवाळात अंबराचे खडे शोधायला.
बाहीच्या लोकरीवर घासून
कागदाचे कपटे उचलून दाखवायची मला.
ह्याच खड्याच्या ग्रीक नावावरून
विजेचं नाव पडलं म्हणे.
आणि झेनॉन म्हणजे त्यांच्याकडे परका.
ह्या गावात कोण नव्हतं परकं?

कुणात मिसळत नाही, जड आहे,
म्हणून तर निवडला त्याला.
एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतला की मग सुटतो:
सेकंदाला सोळा किलोमीटर, मागे न बघता.
आणि तो ज्या दिशेनं गेला
तिच्या उलट, तिळाएवढं,
कुणीतरी आपल्या जागी परत येतं.

फुकट नाही हे. नळीची पांढरी भिंत झिजते.
दर पाचशे तासांनी उघडून मोजतो आम्ही,
केसाएवढी, दोन केसांएवढी.
रदियोन आता हसत नाही मोजताना.

पंधरा वर्षांनी वायू घोटभर उरला
की तेवढ्यावर उपग्रह आणखी वर नेऊन सोडतात,
पुढच्याला जागा व्हावी म्हणून.
आईला सांगितलं होतं हे, तिच्या शेवटच्या हिवाळ्यात.
शहाणं आहे हो तुझं बाळ, म्हणाली,
मला नाही जमायचं.
आणि उशी पाठीशी सारून नीट बसली.

सहा वाजता पाळी बदलते.
नोंदवहीत लिहिते: ज्योत स्थिर.
मग खोडते,
आणि लिहिते: ज्योत चालू.