सरळ रेषेत

कुसुंब्याच्या धावपट्टीवर पाखरं हाकलायची,
ही माझी नोकरी.
सकाळी फटाका, दुपारी शिट्टी,
आणि टिटवीमागे स्वतः पळायचं,
कारण तिला फटाक्याची सवय झालीय.

एकदा टॉवरवरच्या मॅडमना विचारलं,
इथून धुळं किती?
म्हणाल्या, रस्त्याने की हवेतून?
हवेतून, म्हटलं. रस्ता मला पाठ आहे.
बांभोरीला गिरणा, पाळधीला चहा,
एरंडोलला कंडक्टर उतरतो
तो चढायचं नावच घेत नाही,
पारोळ्याच्या अलीकडे कुणाचं तरी पोर ओकतं,
मुकटी, फागणे,
मग गोंदूरची रिक्षा,
सुट्ट्या पैशांचं भांडण धरून साडेतीन तास.

मॅडमनी पडद्यावर एक बोट आमच्यावर ठेवलं,
दुसरं गोंदूरवर.
नव्वदच्या आसपास किलोमीटर, सरळ रेषेत.
लहान विमानाला अर्धा तासही नको.
पण विमान नाही.
फारच घाई असेल तर आधी मुंबईला उडा, म्हणाल्या,
आणि स्वतःच हसल्या,
तिथून पुन्हा बसच.

गोंदूरला माझी मोठी बहीण, सुपडाबाई.
जन्मली तेव्हा सुपात घातली होती, म्हणून जगली,
असं आई सांगायची.
तिच्या घरामागे तारेचं कुंपण,
कुंपणापलीकडे दुसरी धावपट्टी.
विमान शिकणारी पोरं दिवसभर
तिच्या डोक्यावर गिरट्या घालतात.
फोन लावला की आधी घरघर येते,
मागून ती :
"भाऊ, तू कव्हय येशी?"
येतो, म्हणतो मी.
दोन भाऊबिजा झाल्या.

चैत्रात तिकडचं एक शिकाऊ विमान
आमच्याकडे उतरलं.
आतून बावीस-तेवीसची मुलगी,
केस कपाळाला चिकटलेले.
पाण्याची बाटली दिली आणि विचारलं,
कुंपणाला लागून निळ्या टाकीचं घर दिसतं का गं?
काका, निळ्या टाक्या सगळीकडेच आहेत.
बाटली अर्धी झाल्यावर तिला आठवलं :
एका गच्चीवर पांढरे गोल वाळत घातलेले असतात,
ओळीत नाही, कसेही.
आम्ही तिथूनच डावीकडे वळतो.
सर ओरडतात, पापड आले, वळ!

पापड नाहीत, मी म्हणालो. बिबडे आहेत ते.
ज्वारीचे.
तिने मान हलवली,
फरक काही कळला नसणार.
तिच्या गावी पिकत नसेल ज्वारी.

ती परत निघाली तेव्हा
मी टिटवीच्या जोडीमागे
आयुष्यात धावलो नव्हतो इतका धावलो.
विमान पश्चिमेला ठिपका झालं, मग तेही नाही.
घड्याळ पाहत बसलो.
अठ्ठावीस मिनिटांनी फोन लावला.

घरघर होती.

म्हटलं, अक्का, वर बघ,
ती पोर माझ्या हातचं पाणी पिऊन आलीय.
तुझ्या बिबड्यांवरून वळतात ती सगळी.

बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं.
मग तिचा आवाज,
तोंड वर करून बोलल्यासारखा :
"मंग त्या पोरले सांग,
जराशी खाले येत जाय,
कावळा तरी पळतीन."

मी हो म्हटलं.
सांगायचं कुणाला, ते विचारलं नाही.
धावपट्टीच्या मधोमध टिटवी पुन्हा येऊन उभी होती,
एका पायावर,
आणि पुढचं विमान संध्याकाळी होतं.