पावसाळ्यासाठी

शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं वाळू ठोकली मी.
वाफ कुठनं निघेल, ओतीव कुठं फुगेल,
ते डोक्याआधी बोटांना कळायचं.
म्हणून रिटायर झाल्यावर
आयूब मुल्लाणीकडनं मागची मांडी घेतली, अख्खी, अडीच किलो.
'तुकडे केवढं करू?'
'करू नकोस. वाळवणार हाय.'
त्यानं सुरा पुसला. परत पुसला.

पहिली मांडी मिठात ठोकून बसवली,
खालचा डबा, वरचा डबा, मधोमध वाफेला भोक,
पंपाची बॉडी बसवतात तशी.
आठव्या दिवशी साचा फोडला तर आत लाकूड.
गल्लीतल्या कुत्र्यानं हुंगलं
आणि माझ्याकडं बघितलं.

दुसरी काकवीत बुडवून टांगली.
मुंग्यांना पत्ता कुणी दिला कळलं नाही.

तिसरीसाठी जुना फ्रीज, बाराशेला.
आत कॉम्प्युटरचा पंखा, खाली ताटलीत खडेमीठ,
मांडीला मलमलचं फडकं,
जे सुनंदाचं चक्का बांधायचं होतं
(हे तिला अजून ठाऊक नाही).
वही घातली.
दिवस चौथा: दोन किलो तीनशे दहा.
दिवस नववा: दोन किलो एकशे चाळीस. कडा काळ्या.
वास अक्रोडासारखा. अक्रोड मी दोनदाच खाल्लाय.
रात्रभर पंखा घरघरायचा.
सुनंदा म्हणाली, आता ह्या घरात दोघं घोरतात.

चौदाव्या दिवशी शेवंताक्का आली,
माझ्या पाळीतल्या यशवंत कांबळेची आई.
फ्रीज उघडून तिनं फडकं सारलं,
अंगठ्यानं दाबून बघितलं,
मी वाळू दाबायचो तसंच.
'चान्या करतोयस व्हय रं?
आमच्या दोरीवर असायच्या. चैताच्या उन्हात.
मी काठी घेऊन बसायची कावळं हाकत,
सा-सात वर्साची.'
मी विचारलं, 'चव चांगली येते म्हणून?'
ती हसली नाही.
'पावसाळ्यासाठी,' म्हणाली.

त्या दिवशी वहीत वजन लिहायचं राहिलं.

एकविसाव्या दिवशी काळी साल तासली.
आत पिकल्या जांभळाचा रंग.
तव्यावर नुसतं मीठ आणि तूप.
सुनंदानं चटणीचा डबा पुढं सरकवला, मी मागं,
तिनं परत पुढं.
शेवंताक्कानं उरल्या चार दातांनी सावकाश खाल्लं.
'लई मऊ केलंस,' म्हणाली,
'आमची चघळत ऱ्हायाची. तेवढाच येळ जायचा.'

उठताना तिची नजर कचऱ्याच्या बादलीवर गेली.
'ही साल टाकतोस?'
वाकली, एकेक कपची उचलून झटकली,
पदरात बांधली.
'आमटीत घालतो,' म्हणाली,
आणि जिना उतरली, एका हातानं गाठ धरून.

सालीचं वजन
मी केलंच नव्हतं.