तांबडी रेघ

शाळा क्रमांक एकशे बारा. मुलं नऊ, घोडे चार,
आणि चारनंतर मी एकटी.
रिवेराचा रस्ता जिथे संपतो त्या टेकाडावरून
ब्राझील दिसतं, म्हणजे दिसतात मेंढ्याच,
पण पलीकडच्या.

राजधानीहून खोकी आली.
प्रत्येक मुलाला एकेक यंत्र, जेवणाच्या डब्याएवढं.
मला शिकवायला कुणी आलं नाही.
म्हणून वाल्दोमिरो, इयत्ता पाचवी,
शाळा सुटल्यावर अर्धा तास मागे थांबतो.

बाई, आधी नाव टाका.
टाकलं: नेलिदा.
हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय, यंत्र म्हणालं.
छप्पन्न वर्षं वापरतेय मी ते, मी म्हणाले.
वाल्दोमिरो हसला नाही. गुपचूप आकडा जोडला:
नेलिदा ११२.
नवऱ्याचं नाव कधी लावलं नाही,
शेवटी शाळेचं लागलं.

आणि पैसे?
नाही लागत. फुकट आहे.
माझा बाप लोकर तोलायचा. फुकट म्हटलं की
तो तराजूखाली बोट शोधायचा.
मीही शोधलं. सापडलं नाही.
म्हणजे बोट असेल,
डोळे माझेच गेलेत.

दोनदा टिचकी, बाई. नाही, लागोपाठ.
पुन्हा.
पुन्हा.
घाई कुणाला आहे?
हे वाक्य माझं. हा सूरही माझा,
याच बाकावर त्याच्या आईला, इल्माला, ऐकवलेला.
गेला कुठे नव्हता तो,
त्यांच्या घरी जेवून-खाऊन वाढत होता.

कोरं पान उघडलं. आता लिहा, म्हणाला.
काय लिहू?
आम्हाला सांगता तेच. पाहिलेलं काहीतरी.

मी आई लिहिली. पिठाचे हात लिहिले.
ती दिवस उगवायच्या आत उघडायची ती
जनेला

आणि शब्दाखाली तांबडी रेघ उमटली.

ओळखीची होती.
एकोणतीस वर्षं तीच मारत आले,
पेन दाबून, पाठच्या पानावर वळ उठेपर्यंत.
घरात बोलता ते घरात, इथे वेंताना म्हणायचं,
खिडकीला भाषा असते, पोरांनो.
इल्माच्या वहीत एका पानावर सात रेघा.
आठव्या आठवड्यापासून ती फक्त
फळ्यावरचं उतरवून घेऊ लागली,
अक्षर मात्र सुरेख.
मी शेरा दिला होता: सुधारणा आहे.

चुकलं का? मी विचारलं.
नाही बाई, त्याला माहीत नाही तो शब्द.
इथे दाबा. मग हे.
शब्द आमचा आहे, असं सांगायचं.
एकदा सांगितलं की पुन्हा नाही टोकत.

एकदा.

बोट कुठे ठेवायचं ते कळूनही
मी ते बराच वेळ हवेत धरून बसले.
बाहेर त्याचा घोडा कुंपणाला मान घासत होता.
पोरानं घाई केली नाही.

रेघ गेली.
मग त्यानं कोपऱ्यातलं मोठं बटण दाखवलं
आणि पान जगात गेलं,
म्हणजे कुठे, ते त्यालाही सांगता येईना.
वाचणारे: एक.
ती मीच, असं कळलं.

शुक्रवारपर्यंत दोन झाले.

शनिवारी इल्मा आली, लोकर कातरणाऱ्यांचा स्वयंपाक आटोपून,
अंगाला कांद्याचा वास. घोड्यावरून उतरली नाही.
पोराचं वाचलं, म्हणाली, तुमचं म्हणजे.
तिसऱ्या ओळीत चूक आहे, बाई.
माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला, सवयीनं.
जनेला रस्त्याकडे नव्हती, ती म्हणाली, ओढ्याकडे होती.
तिथूनच तर तुमची आई आम्हाला पाव द्यायची.
चिखलात रांग असायची आमची.

होती खरी ओढ्याकडे.
लिहिताना मीच रस्त्याकडे फिरवली,
बरी दिसेल म्हणून.

त्या ओळीखाली यंत्रानं
रेघ मारलीच नव्हती.