प्रॉम्प्टरची शिल्लक

आमच्या नाट्यमंडळाचं नाव आता
फक्त बँकेच्या पासबुकात उरलंय.
अठरा हजार चारशे बारा रुपये,
आणि सह्या करायला दोघं जिवंत:
मी आणि भूपाल आरवाडे.

भूपाल खजिनदार. मी प्रॉम्प्टर.
एकतीस वर्षं विंगेतल्या स्टुलावर बसून
दुसऱ्यांची वाक्यं ओठांत धरली,
उजेडात कधी आलो नाही.
एकदा आलो. पडदा चुकून लवकर उघडला होता.
लोक हसले. तेवढीच माझी भूमिका.

पैशांचं काय करायचं यावरून
सांगलीच्या हळदपेठेतल्या चहाच्या गाड्यापाशी
आम्ही तीन महिने भांडलो.
भूपाल म्हणाला, गेलेल्यांचे फोटो करू. लॅमिनेशन करून.
मी म्हटलं, आणि लावायचे कुठं?
त्याचा चहा निवला.

मग कुणीतरी आस्मा पिंजारीचं नाव काढलं.
मिरजेची. वय चोवीस. नाट्यशास्त्राची पदवी,
स्वतः लिहिलेल्या एकांकिकेला उत्तेजनार्थ,
सोमवार ते शुक्रवार मोबाईलच्या दुकानात,
आणि शनिवारी सकाळी हरिपूरच्या शाळेत
चौथी-पाचवीच्या पोरांना नाटक शिकवते.
मानधन दीड हजार,
तेही निघालं तर दिवाळीनंतर.

भूपालच्या स्कूटरवरून गेलो, चिंचांच्या सावलीतनं.
वर्गाच्या भिंतीवर पुराची रेघ,
माझ्या खांद्याला लागेल एवढी,
दोनदा रंग देऊनही वर आलेली.
बाकं कडेला सारलेली. आस्मा म्हणत होती,
"आज कुणी पाणी व्हायचं नाही. सगळेच पाणी होतात.
आज पाणी उतरल्यावर
घरात पहिलं पाऊल टाकणारं माणूस व्हा."

पृथ्वीराज कोळी दार ढकलत राहिला.
दार नव्हतं, पण गाळानं जड होतं,
त्याची टाच फरशीवरनं सरकताना आम्ही पाहिली.
मिसबानं कपाट उघडलं, साडी ओढून काढली,
दुसरं टोक धनश्रीच्या हातात दिलं.
दोघी पिळत राहिल्या. न बोलता. खूप वेळ.
आणि एक बारकं पोर, सुयश,
मधोमध येऊन थांबलं,
तोंड उघडलं,
आणि विसरलं.

माझे ओठ आपोआप हलले.
वाक्य मला ठाऊक नव्हतं,
तरी हलले. सवय.
आस्मानं तिथूनच माझ्याकडे पाहिलं
आणि मान हलवली: नको.

पंख्याची घरघर.
बाहेर कुणीतरी पोषण आहाराचं पातेलं घासत होतं.
"आमची मांजर कुठाय?" सुयश म्हणाला.

भूपालनं चष्मा पुसला. घातला. पुन्हा पुसला.

शब्द कधी द्यायचा
हे शिकायला मला दहा वर्षं लागली,
कधी द्यायचा नाही, ते नीट जमलंच नाही.
नानांचं एक पूर्ण मौन मी वाया घालवलंय,
इस्लामपूरच्या प्रयोगात,
त्यांना वाक्य आठवत असताना.

तास संपल्यावर विषय काढला.
ती म्हणाली, "घेते. लाजत नाही काका.
पण सत्कार नको, शाल नको.
शालीचे पैसे मात्र धरा त्यात.
मला माझं नाटक उभं करायचंय,
तालमीचा हॉल ताशी दोनशे मागतो.
आणि शनिवार मी सोडणार नाही."
"यायचं का आम्ही तालमीला?" मी विचारलं.
"या. मागं बसा."

भूपालला पावती लागते. त्यानं खिशातलं पुस्तक काढलं,
रक्कम लिहिली, अक्षरी लिहिली,
'तपशील'पाशी पेन अडलं.
मी सुचवणार होतो.
गप्प बसलो.
त्यानं लिहिलं: तालीम चालू.

खातं बंद केलं नाही. चारशे बारा ठेवलेत,
त्यात परवा भूपालनं पेन्शनचे हजार टाकले,
मला न सांगता.

परतताना चिंचांपाशी स्कूटर हळू झाली.
"ते मांजर गावलं असंल का रं?"
त्यानं मागं न बघता विचारलं.
ओठांवर होतं काहीतरी.
दिलं नाही.