साल वरच्या बाजूला

पहिल्या शनिवारी मी वेल्टाबाईंची लाकडं रचली,
बर्चची, नुकती फोडलेली, ताकासारखा आंबूस वास.
तीन तास. फॉर्मवर त्यांनी सही केली,
चष्मा शोधून, सावकाश.

रविवारी कुंपणापलीकडून पाहिलं:
त्या एकट्याच माझी रास उतरवत होत्या,
एकेक लाकूड पालथं घालत,
साल वर, पोट खाली.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.
माझे लाटव्हियन शब्द सगळे मिळून चाळीस,
त्यांत 'चुकलं' नव्हता.
त्यांच्या तोंडीही नव्हता.
फक्त बिटाचं सूप, वरून शेपू.
घरी शेपूला नाक मुरडणारी मी
इथे दुसऱ्यांदा मागून घ्यायचे.

ऑक्टोबरात शेजारचा इल्मार्स म्हणाला,
सालीवरून पाऊस ओघळतो,
उघड्या लाकडात मुरतो. एवढंच.

काल, बर्फाच्या आत, शेवटची ओळ लावली.
आज कुंपणापाशी केव्हाची उभी आहे.
त्या आल्या. राशीवरून हात फिरवला.
एक लाकूड काढलं, पाहिलं,
परत ठेवलं.

फॉर्मवर माझे तास सत्तावीस.
त्यांचे लिहायला
रकाना नाही.