चाकांना ब्रेक

अर्जात विचारलं होतं:
तीन पायऱ्या चढता येतात का?
म्हटलं, शहापुरात जन्म काढलाय,
आमच्या बँकेलाच पाच आहेत.

जहाजाला उंबरा नव्हता.
सातव्या मजल्यावर एकटी गेले,
मग उगीच खाली, परत वर.
कुणाला हाक मारली नाही.

तिसऱ्या रात्री समुद्र खवळला.
कठडे धरत, भिंती चाचपत,
मी घरात चालते तसे
सगळे चालू लागले.
मी ब्रेक लावून चहा पीत होते.
"शेवंतक्का, धर की गं!" भागूवहिनी ओरडली.
कांड्या भरून घट्टे पडलेल्या हातांनी
धरलं तिला.

आज बेळगावचा स्टँड.
बसची पहिली पायरी छातीशी.
कंडक्टर दोन्ही भाषांत सांगतो, थांबा.
थांबलेय.
मनगटावर अजून
वहिनीच्या बोटांचे वळ.