बैसा

इथं पैशाला बैसा म्हणतात.
मस्कतला उतरले त्या दिवशी हसू आलं होतं.
वाटलं, कुणीतरी पाट सरकवून म्हणतंय,
बैसा, लांबून आलात.

माझ्याकडे तो कधी बसला नाही.
यायचा आणि चप्पलसुद्धा न काढता निघायचा.
दादाचं दुकान, ताईचं बाळंतपण, ओंकारचा क्लास,
आणि मग निर्मला गुरव.

निर्मला आपल्या मिरजेकडची.
एका खोलीत दोन कॉट, एका बरणीतली चटणी.
जामीन राहशील का, म्हणाली, नुसती सही.
सहीला पेनही तिचंच घेतलं मी.
एका शुक्रवारी तिची कॉट रिकामी,
उशीखाली माझी केसांची पिन.
पुढचे एकतीस महिने
बँक माझा अर्धा पगार जेवली.

शपथा मीही घेतल्या.
पाडव्याला घेतलेली अकरा दिवस टिकली.
फोनमध्ये हिशेबाचं ॲप घेतलं,
ते रोज लाल व्हायचं, काढून टाकलं.
उधारी करून सोन्याचं नाणं घेतलं,
रुवीच्या त्याच सोनाराकडे मोडलं.
घट त्यानं कापली,
अक्कल तेवढी माझ्याकडे राहिली.

मी प्लास्टररूममध्ये काम करते.
सहा आठवड्यांनी करवत फिरते, कवच उघडतं,
आत वाळलेला, लाजरा पाय.
माणसाला वाटतं, आता चालत घरी जायचं.
डॉक्टर म्हणतात,
आज फक्त अंगठा हलवा.

त्या रात्री मी अंगठा हलवला.
युनिफॉर्मच्या खिशात चहातून उरलेले पन्नास बैसा होते,
दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकले.
एवढा आवाज झाला की मारिवेल दचकून उठली.
काय पडलं?
काही नाही, म्हटलं, झोप.

रोज पन्नास.
वीस दिवसांनी एक रियाल.
हसा खुशाल, मीही हसले.
त्या पहिल्या रियालाची वही आणली.
वहीत मी सगळं लिहिते, खोटंसुद्धा.
आधी लिहिलं, औषध, चार रियाल.
मग खोडून:
अत्तर. मत्रा बाजार. कुणी फोन केला नव्हता म्हणून.

जूनमध्ये दाढ उठली.
डबा पालथा घातला, तळ पुसून दिला डेंटिस्टला.
रात्री रिकाम्या डब्यासमोर बसले
तर आतली जुनी बाई म्हणाली,
बघ, तुझ्याच्यानं होत नाही.
गाल सुजलेला, तिला उत्तर देता येईना.
उठले, पन्नास बैसा टाकले.
सवय त्या रात्री लागली असावी.
आधीची सगळी हौस.

सगळ्यात जड गेला तो एक शब्द.
दादाचा फोन, गाडीचं डाउनपेमेंट,
तूच आहेस आम्हाला.
एसी घरघरत होता.
नाही जमणार, म्हटलं.
हॅलो? रेंज गेली वाटतं.
रेंज आहे, दादा. नाही जमणार.
नंतर नळाखाली हात धरून उभी राहिले,
इथं उन्हाळ्यात गार नळालाही चटका देणारं पाणी येतं.
वहीत लिहिलं, आज गेले शून्य.
तो शून्य इतका गिरवला
की कागद फाटला.

फेब्रुवारीत शेवटचा हप्ता गेला.
अशा गोष्टींचे पेढे वाटत नाहीत.
बँकेचा मेसेज अरबीत आला,
त्यातले आकडे फक्त वाचले, दोनदा.
निर्मलाचा नंबर अजून फोनमध्ये आहे.
का, ते वहीत नाही.

आता पगार झाला की घाई करत नाही.
नोटा उशीवर मांडते,
उडतील म्हणून पंखा बंद करते,
आणि म्हणते,
बैसा.
घटकाभर तरी.